आडाचा पाइप

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो... आमच्या धंद्यात छळणारं भूत एकच, जमिनीतलं पाणी, आणि त्याला उतारा केमिकलचा. तरी हे लिहितोय.

उमरग्यात एका डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याचं बेसमेंट होतं. जागेवर पूर्वी घरचा आड, त्यामुळं जरा खोदलं की पाणी. आड बुजवताना त्यात उभा पाइप सोडतात आपल्याकडं — आडाला श्वास घ्यायला. डॉक्टरांच्या आईंनी (मी त्यांना काकू म्हणतो) मला बजावलं होतं, "काय बी करा, पर त्येचं नरडं दाबू नका. लगीन होऊन आले तवापास्नं त्येचंच पाणी पिलंय म्या."

पण फरशीतून पाइप वर काढायचा म्हणजे गळतीला आपणच दार उघडून द्यायचं. काकू लेकीकडं सोलापूरला गेल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बुजवून टाका. आईला कशाला सांगायचं?" मी पाइप कापला, तोंडात सिमेंट ठासलं, वरून कोटिंग मारलं. बेसमेंट कोरडंठाक झालं. मी खूश.

दुसऱ्याच दिवशी सोलापूरहून फोन. काकूंच्या घशाखाली पाणी उतरेना. चहा नाही, दूध नाही. सलाइन लावलं, दुर्बिणीनं घसा तपासला, दोष काहीच सापडेना. काकू खंगत चालल्या. शेवटी डॉक्टर सोलापूरहून थेट माझ्याकडं आले, म्हणाले, "तो पाइप उघडा."

"साहेब, पाणी फुटंल. सगळं काम वाया जाईल."

"जाऊ द्या हो. आई चाललीय माझी."

भर दुपारी मशीन लावून फोडलं. आतनं गार वारा आला... लई वेळ कोंडलेला. मला एकदम भरून आलं, का ते विचारू नका. डॉक्टर तिथंच फरशीवर बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या बहिणीचा फोन — "दादा, आई पाणी पितीय. तांब्या सोडंना झालीय."

काकूंना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता पावसाळ्यात भोवतालच्या जमिनीतलं पाणी फरशीच्या पातळीच्या वर चढतं. उघड्या पाइपातून ते उसळायला हवं... उसळत नाही. का, ते मला ठाऊक नाही. डॉक्टर योगायोग म्हणतात, मीही मान डोलावतो.

बऱ्या झाल्यावर काकू बेसमेंट बघायला आल्या. पाइपाभोवती हात फिरवून म्हणाल्या, "हितं सिमेंट नवं दिसतंय." त्यांनी मग पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला. "घ्या, तुमी प्या आधी."

घोट सरळ खाली उतरला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.