आबांची हाजरी

चोपड्याजवळच्या आमच्या गावात सकाळी साडेपाचला अंगणात हाजरी व्हायची. फॉल-इन होणारा जवान मी एकटा, वय वर्षं सहा. हाजरी घेणारे माझे वडील, रिटायर्ड हवालदार. त्यांना मी आबा म्हणायचो.

आबा एकाहत्तरच्या लढाईत होते. गुडघ्यात बॉम्बगोळ्याचा तुकडा घेऊन परत आले. सेक्शनमधले तिघे आले नाहीत. लान्सनाईक शंकर जाधव, शिपाई महादू मोरे, शिपाई बाबू सावंत. हाजरीत ही तीन नावं आधी, मग माझं. चौघांचं 'हाजिर' मीच म्हणायचं. शेजारचे काशिनाथनाना ओट्यावर बसून हसायचे. आबा तिकडे बघायचेही नाहीत.

मी चार वर्षांचा असताना आई गेली. आबा तेव्हा पलटणीत होते. 'पत्नी सीरियस' अशी तार पोचली होती. पण सुट्टीसाठी घरून खोट्या तारा मागवणारे जवान पुष्कळ, म्हणून साहेबांनी ती बाजूला ठेवली. आबा घरी आले तेव्हा चिता विझून दोन दिवस झाले होते. त्यांनी पेन्शन घेतली. दुसरं लग्न केलं नाही. केळीला पाणी देऊन आले की माझी बटणं शिवायचे, भाकरी थापायचे. भाकरी फौजी लंगरातल्यासारखी जाड व्हायची, दोन खाल्ल्या की पोटात दगड.

मी भरती झालो तेव्हा जळगाव स्टेशनवर ते एवढंच बोलले, "खोटी तार करशी तं कोनी तरी खरी तार वाया जाई."

नव्वदनंतरची पहिली वर्षं. मी काश्मीरमध्ये एका उंच पोस्टवर होतो. खाली जाणारा गाड्यांचा कॉन्व्हॉय आठवड्यातून एकदा, सोमवारी नऊला. त्या सोमवारी आठ वाजता रेडिओ बोलला.

"आपके फादर सीरियस. टेलिग्राम है. ओव्हर."

"भेजनेवाला कौन? ओव्हर."

"काशिनाथ. ओव्हर."

मला हसूच आलं. नानांनी आदल्या वर्षी आपल्या फौजी मुलाला मुलगी दाखवायला अशीच तार करून बोलावलं होतं. आता ते माझ्यासाठी धरणगावची एक मुलगी बघतायत, असं आबांच्या पत्रात होतं. आणि आबा स्वतः अशी तार करतील हे शक्यच नव्हतं.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "जाना है?"

"झूठा तार है, साब."

गाडीत एकच जागा होती. माझ्याबरोबरच्या धुळ्याच्या जवानाच्या बायकोचे दिवस भरत आले होते. ती जागा मी त्याला दिली. खरं सांगतो, मला माझाच अभिमान वाटला. आबांना पत्रात हे कळवायचं ठरवलंही.

शुक्रवारी दहा वाजता दुसरा मेसेज आला. "फादर एक्सपायर्ड. ओव्हर." ऑपरेटरने मेसेज मिळाला का असं दोनदा विचारलं, मग त्याने सेट बंद केला.

गावी पोचलो तेव्हा अस्थीसुद्धा तापीत सोडून झाल्या होत्या. आबांची खाट अंगणात उभी करून ठेवली होती. मी नानांवर चिडलो. पत्र का नाही टाकलं, निदान तार आबांच्या नावाने तरी करायची होती, असं बरंच बोललो. मग नानांनी काय झालं ते सांगितलं. आबांचं उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती.

"तार मी मन्हा मनथीन नही करी," नाना म्हणाले. "तुन्हा बापनीच कराले लाई."

नानांनी उभ्या खाटेकडे बोट केलं.

"खाटवरथीन रोज हाजरी ले. तुन्हं नाव ले नि दारकडे देखे."

काही दिवसांनी धुळ्याचा जवान भेटायला आला. त्याला मुलगी झाली होती. तो बुधवारी संध्याकाळीच घरी पोचला होता. आबा शुक्रवारी पहाटे गेले. आईच्या तारेचं जे त्या साहेबांनी केलं, तेच आबांच्या तारेचं मी केलं होतं.

आता मीही पेन्शनर आहे. साडेपाचला अंगणात उभा राहतो. लान्सनाईक शंकर जाधव, शिपाई महादू मोरे, शिपाई बाबू सावंत. चौथं नाव आबांचं. चौघांचं 'हाजिर' मीच म्हणतो.

माझं नाव घेत नाही. त्या आठवड्यात मी हाजिर नव्हतो.