प्लॅटफॉर्मवाल्या काकू

काकू स्टेशनवर नेहमी प्लॅटफॉर्मच्या अगदी मधोमध उभ्या राहायच्या. हातात डबा, डबा नऊवारीच्या पदराखाली झाकलेला, आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे. नागपूरचा तो प्लॅटफॉर्म एवढा लांब की या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येत नसे. गाडीचा कुठला डबा कुठे लागेल याचा नेम नाही. काकू म्हणायच्या, "मधात उभं राह्यलं की दोन्हीकडं सारखंच धावा लागते." हमालसुद्धा त्यांना वाट करून द्यायचे.

आम्हा नागपूरकरांचे निम्मे नातेवाईक घरी भेटतच नाहीत, गाडीच्या खिडकीत भेटतात. चारी दिशांच्या गाड्या इथून जातात, तेव्हा कुणाची तरी नणंद, कुणाचा तरी भाचा जातच असतो. त्याला जेवणाचा डबा पोचवणं हा आमच्याकडे कुळाचारच. मी लग्न होऊन धंतोलीत आले तेव्हा सासूबाईंनी शेजारणीची ओळखच करून दिली, "ह्या प्लॅटफॉर्मवाल्या काकू." काकू हसल्या. मला वाटलं, गोतावळा मोठा असेल. पण त्यांचा डबा एकट्या मुलासाठी असायचा.

मुलगा बाळू दिल्लीला नोकरीला. कामासाठी मद्रासला फेऱ्या, जाताना नागपूर, येताना नागपूर. निघण्याआधी तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन करून निरोप ठेवायचा. मग काकूंच्या घरी बेसनाचे गोळे घालून शिजवलेला गोळाभात व्हायचा, वर ओतायचं फोडणीचं तेल वेगळ्या बाटलीत, आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. गाडी थांबायची काही मिनिटं, त्यातली निम्मी बाळूचा डबा शोधण्यात जायची. उरलेल्या वेळात "बारीक झाला रे" आणि "आई, ऊन आहे, घरी जा आता" एवढंच बोलणं व्हायचं.

काका गेल्यावर काकूंनी जुनं बिऱ्हाड सोडून आमच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. बाळूनं त्या पाहिल्याच नव्हत्या. त्यानं एक दिवस उतरावं, घर पाहावं, एक रात्र राहावं, एवढंच काकूंचं मागणं. आतल्या खोलीत त्याच्यासाठी खाट घातलेली होती, तिच्यावर धुवट चादर. पाहुणे आले तरी ती खाट कुणाला मिळायची नाही. काकू स्वतः जमिनीवर झोपायच्या. मी चिडून म्हणायचे, "काकू, त्याला उतरायचं नाहीये." त्या शांतपणे म्हणायच्या, "त्याले सुट्टी नसते वं. पुढच्या खेपेले उतरन तो." मला त्या माणसाचा मनस्वी राग यायचा. सुट्टी नसते म्हणे. सासुरवाडीला जायला बरी मिळायची.

आधी दोन-चारदा गेले होते तशी एका मे महिन्यातही मी काकूंबरोबर स्टेशनवर गेले. गाडी उशिरा आली, आणि बाळूचा डबा लागला पार पुढच्या टोकाला. काकूंचे गुडघे तेव्हा फार दुखायचे. उन्हातून एवढं चालण्यापेक्षा आतून जाऊ म्हणून त्या समोरच्याच डब्यात चढल्या आणि आतल्या आत पुढे निघाल्या. आणि नेमका त्याच दिवशी बाळू आयुष्यात पहिल्यांदा खाली उतरून आईला शोधत आला. ती आतून पुढे चाललेली, तो बाहेरून मागे. माझ्यापर्यंत पोचून "आई कुठेय?" म्हणेस्तोवर शिट्टी झाली. तो हाताला लागेल त्या दारात चढला. काकू त्याच्या जागेपर्यंत पोचल्या होत्या. लोकांनी त्यांना घाईघाईनं खाली उतरवलं, तेव्हा गुडघा फुटला. लंगडत परत आल्या आणि म्हणाल्या, "डबा तं ठेवला त्याच्या जागेवर."

बाळूनं मात्र दारातून आईला पाहिलं होतं, खाली मान घालून, रक्ताळलेलं पातळ सावरत चालताना. आठवडाभरानं औषधाच्या दुकानात त्याचा फोन आला. मीच घेतला. म्हणाला, "वहिनी, यापुढे मी कळवणारच नाही. एखाद्या दिवशी ती चाकाखाली जायची." त्यानं हे मायेनं केलं, हे मलाही कळत होतं. पण मायेनं केलेल्या गोष्टीशी माणूस भांडणार तरी कसा?

त्यानंतर काकू स्टेशनवर गेल्या नाहीत. दुपारी मद्रासच्या गाडीची शिट्टी आली की हातातलं काम थांबायचं. "याच गाडीत असन का वं तो?" मी म्हणायचे, "नसेल." खरं तर असेलही, कुणास ठाऊक. गोळाभात करणं बंद झालं. जेवणही हळूहळू बंद झालं. पुढच्या थंडीत छातीत कफ धरला आणि काकू गेल्या. तार केली होती, पण मुलगा पोचेपर्यंत ठेवणं शक्य नव्हतं. अग्नी माझ्या नवऱ्यानं दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाळूला आणायला गेलो. गाडी आली. तो बॅग घेऊन उतरला, आणि गाडी निघून गेली तरी तिथेच उभा राहिला. बाहेर आलो. नवरा सायकलनं पुढे निघाला, बाळूबरोबर मी सायकलरिक्षात बसले. रिक्षावाल्यानं वळून त्याला विचारलं, "किधर चलना है, साहब?"

त्यानं तोंड उघडलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. पत्ता मीच सांगितला.