बेटावरचा धुरा

माझ्या मालकीची जमीन आयुष्यात एकदाच झाली, आणि तीही फोनमध्ये. चारी बाजूंनी समुद्र, मधे बेट आणि बेटाच्या पाटीवर माझं नाव. तलाठी नाही, फेरफार नाही, सातबारा नाही. मुलीनं एक बटण दाबलं आणि मी जमीनदारीण झाले. बुलढाण्याच्या शाळेत मी मराठी शिकवते आणि दर वर्षी गॅदरिंगचं नाटक बसवते, त्यामुळे राज्य मिळाल्यावर काय करायचं असतं हे मला माहीत होतं. मी पलंगावर चढले, उशी ढालीसारखी धरली आणि म्हणाले, "प्रजाजनहो!"

मुलगी म्हणाली, "आई, खाली उतर. आधी तण काढ."

टाळेबंदीचे दिवस होते. शाळा बंद, मुलीचं पुण्याचं कॉलेज बंद, आणि आम्ही दोघी भाड्याच्या दोन खोल्यांत. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून आमचं सैन्य दोघींचंच. हा खेळ तिनं माझी बडबड बंद व्हावी म्हणून आणला होता. खेळात आपलं एक चिमुकलं माणूस असतं. त्यानं झाड हलवलं की फळ पडतं. मासे धरायचे, रस्ते करायचे, घर बांधायचं. शेजाराला एक बेडूक आणि एक शेळी, दोघंही आमच्या घरमालकापेक्षा सभ्य. कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही. आणि मुख्य म्हणजे ओळखीच्या माणसांना बोटीनं बोलावून बेटावर राहायला जागा देता येते.

मी माझ्या दोन भावांना बोलावलं.

मी तिघांत मोठी. मधला पुण्याला कंपनीत. तिथं राहून राहून त्याच्या बोलण्याला इस्त्री झालेली. धाकटा गावी, लोणारकडच्या बीबी गावाच्या पुढं, वडिलांची शेती करणारा. वडील गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर आम्हा तिघांचीही नावं लागली. माझं नाव तिथं लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र' खालच्या यादीसारखं होतं. छापलेलं असतं, वाचत कोणी नाही.

धाकटा पहिल्यांदा बोटीतून उतरला, इकडंतिकडं फिरला आणि त्यानं फोन केला.

"ताई, इथं फवारणीचा पंप कोठी भेटते?"

"लागत नाही रे."

"लागत नाही म्हणजे? अळी कवा येते?"

"येतच नाही."

मग म्हणाला, "बियाणं कोणतं हाये मंग?"

मी इतकी हसले की मुलगी आतून धावत आली. पण त्याचा प्रश्न खरा होता. बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असं सगळेच म्हणाले, आणि पहिली काही वर्षं ती मिटलीही. मग गुलाबी अळी आली. त्या वर्षी दसऱ्याला मी गावी गेले होते. कपाशी कमरेइतकी, हिरवीगार, दृष्ट काढावी अशी. मी एक अर्धवट मिटलेलं फूल तोडलं. गुलाबाच्या कळीसारखं दिसत होतं, केसात माळावंसं. धाकट्यानं ते माझ्या हातातून घेतलं, बोटांनी उकललं आणि आतली अळी दाखवली.

"याले डोमकळी म्हणते, ताई. जे फूल लई गोड दिसते ना, त्याच्यात ती बसेल असते."

पुढची बोंडं त्यानं उघडलीच नाहीत. दिवाळीनंतर त्या उभ्या कपाशीत त्यानं गावातल्या शेळ्या सोडल्या आणि स्वतः शेताच्या धुऱ्यावर, कपाशीकडं पाठ करून बसला. त्यानंतर तो कपाशी लावायचा, पण आपल्या पोरावर भरवसा नसलेल्या बापासारखी लावायचा. बेटावरही रोज सकाळी एक फळ पाडून आपल्या चिमुकल्याला खायला घालायचा आणि मला कळवायचा, "आजही काही निंघालं नाही." आवाजात आनंद कमी आणि संशय जास्त.

आता माझ्या मनातलं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या शेतातल्या विहिरीजवळ आईनं लावलेलं एक बोरीचं झाड आहे. निवृत्तीनंतर त्या बोरीखाली एक खोली बांधून राहायची, एवढं मला हवं होतं. दहा बाय दहा, पुढं ओटा. भाड्याच्या खोल्यांत जन्म गेला, शेवटी तरी आपल्या मातीचा ओटा असावा. हे मी भावांजवळ कधी बोलले नव्हते. तीनशे पोरांसमोर मी झाशीच्या राणीपासून भुतापर्यंत सगळं होऊन दाखवते, पण भावांपुढं "मला थोडी जागा हवी" हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. शेत मागणाऱ्या बहिणीला आमच्याकडं काय म्हणतात ते मी कानांनी ऐकलेलं आहे.

म्हणून मी नाटक केलं. बेटावर हुबेहूब शेत उभं केलं. तशीच विहीर, विहिरीच्या उगवतीला एक झाड, झाडाखाली एक खोली, पुढं ओटा. ओट्यावर माझी बाहुली बसवली, निळ्या कपड्यांतली. आणि दोघांनाही बोलावून घेतलं.

"अरे, हे तर आपलं शेत!" मधला म्हणाला.

"बोर कुठं हाये पण? हे तर संत्र्याचं दिसून राह्यलं," धाकटा म्हणाला.

"बोर मिळत नाही इथं. खोली कशी वाटते?"

"भारी हाये," धाकटा म्हणाला. "शोभते तुले."

शोभते म्हणाला! मी त्या एका शब्दावर आठ दिवस काढले. मुलगी म्हणाली, "आई, सरळ बोल ना मामांशी." मी म्हणाले, "सूचकता म्हणून काही असतं. तुला कळायचं नाही." ती म्हणाली, "त्यांनाही नाही कळलेलं."

दरम्यान बेटावर इतिहास घडत होता. बेट हे एवढं मोठं, माणसं तीन, तरी मधल्यानं आपल्या आणि धाकट्याच्या जागांच्या मधे दगडांची ओळ घातली. धुराच घातला म्हणा ना. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्याकडं भाऊ वेगळे झाले की दर वर्षी नांगराचं एखादं तास धुऱ्यात घुसतं आणि दहा वर्षांत धुरा पलीकडं सरकलेला असतो. त्याला धुरा कोरणं म्हणतात, आणि त्यावरून डोकी फुटतात. एके सकाळी मधल्याचा फोन आला. तिघंही एकदम लाइनवर. त्याच्या बोलण्याची सगळी इस्त्री उतरलेली.

"धुरा कोरून राह्यला बे तू! काल नऊ दगड होते माह्या अंगाले, आज सातच हायेत!"

"म्या काऊन कोरू? दगडं सरकली असतीन."

"फोनमधले दगड सरकते का बे?"

"तुह्या पुण्याचा फोन, काही बी करते."

मी पोट धरून हसत होते. फुकटच्या जमिनीवर, समुद्राच्या मधोमध, बीबीपासून आणलेला हा धुरा! शेवटी मी निवाडा दिला: जे काय सरकवायचं ते मला विचारूनच सरकवायचं, कारण बेट माझं आहे. हे मी चेष्टेनं म्हणाले. दोघंही गप्प झाले. त्या शांततेकडं मी लक्ष द्यायला हवं होतं. पण मी नाटकवाली. टाळ्यांच्या आधीही अशीच शांतता असते, असं मला वाटलं.

चारेक दिवसांनी मधल्याचा फोन आला. आवाज परत इस्त्रीचा. "ताई, पूल बांधायचा तर तुझी परवानगी, पायरी करायची तर तुझी परवानगी. तू दिवसभर ऑनलाइन नसतेस. मालकी माझ्याकडं देऊन टाक ना. तसं एक बटण आहे. तुझी खोली कुठं जात नाही. फक्त सुटसुटीत होईल."

मुलगी शेजारीच बसली होती. म्हणाली, "आई, दाबू नकोस. ते परत मिळत नाही."

"अगं, खेळ आहे."

"मग त्यांनाही म्हण, खेळ आहे."

मी दाबलं. नुसतं दाबलं नाही, दानशूर राजासारखा हात उंचावून दाबलं. भावानं मागितलं, बहिणीनं दिलं. मला त्या क्षणी स्वतःचं फार कौतुक वाटलं.

शाळा उघडली आणि बेटावर जाणं कमी झालं. पुढच्या भाऊबीजेला मी गावी गेले. मधलाही आलेला. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि धाकट्यानं विषय काढला. कपाशीला आता तो कंटाळला होता. सोलरवाले जमिनी भाड्यानं घेत होते, आमचंही शेत बघून गेले होते. अळी नाही, फवारणी नाही, नुसत्या काचा. "उन्हाले कीड लागत नाही, ताई," तो म्हणाला. मला त्याचं पटलं. त्याचे हात मी बघितलेले आहेत.

"विहिरीजवळचं काय?" मी विचारलं. एवढंच विचारलं.

"तेथूनच तर त्यायची लाइन जाते."

मधल्यानं फाइल उघडली. हक्कसोडपत्र. बहिणीनं आपला वाटा भावांना सोडल्याचा कागद. मी म्हणाले, "सोलरच्या कागदावर मीही सही करते की. तिसरी सही. काय बिघडतं?"

धाकटा पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. मधला अगदी प्रेमानं हसला. "ताई, बेटावर कसं तू हसत हसत दिलंस! तसंच हे एक बटण समज. सुटसुटीत होऊन जाईल."

इतकं गोड बोलला. केसात माळावं असं. मला दसऱ्याची ती कळी आठवली, आणि आत काय बसलंय ते मी न उकलताच बघितलं. त्याच वेळी दुसरंही दिसलं: पुढच्या वर्षीची भाऊबीज. भावांना अशी सही न देणाऱ्या आमच्या शाळेतल्या एका बाईंना भाऊबीजेच्या दिवशी ताटात निरांजन ठेवून भिंतीकडं बघत बसलेलं मी पाहिलंय. मी पन्नाशीला आलेली, एकटी, आणि माझ्याकडं माहेर म्हणून एवढी दोनच माणसं होती. बोलले असते तर खोली मिळाली असती कदाचित, पण ओट्यावर चहाला कोण आलं असतं?

कागदाच्या नोंदणीला लोणारला गेलो तिघंही, एकाच एसटीत. मला खिडकीजवळची जागा दिली. कार्यालयातल्या माणसानं विचारलं, "बाई, राजीखुशीनं देता ना?" मी म्हणाले, "अगदी." त्यानं फोटो काढायला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि म्हणाला, "हसू नका बाई, फोटो रिजेक्ट होतो." मी हसत होते हे मला त्यानं सांगितल्यावर कळलं. मग अंगठा. शाई पुसायला धाकट्यानं स्वतःचा रुमाल दिला. बाहेर आल्यावर त्यानं पिशवीतून साडी काढली. हक्क सोडणाऱ्या बहिणीला साडी द्यायची असते. गडद निळी, जरीकाठी.

"निळा आवडते ना तुले. तिथं बी निळंच घातलं होतं तू."

म्हणजे त्यानं बघितलं होतं! ओट्यावरची ती बाहुली त्याला नीट दिसली होती.

घरी आल्यावर मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "तेच बटण, आई. दुसऱ्यांदा."

त्या रविवारी मी कितीतरी महिन्यांनी खेळ उघडला. विहीर, झाड, खोली, निदान तेवढं तरी बघावं. बोट किनाऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. पडद्यावर पाटी आली: मालक उपस्थित नसल्यामुळे बेट बंद आहे. मधल्याला फोन लावला. "अगं, तो खेळ ना? फोनमध्ये जागा नव्हती, काढून टाकला मी केव्हाच." जागा त्यालाही कमी पडत होती तर.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला मला समुद्र हवा होता. शाळेच्या पेटीत पडदे होते, सगळे लाल. मी घरून साडी आणली. दोन मुली दोन टोकांना धरून हलवायच्या, मधे एक स्टूल ठेवलेलं, त्यावर नाटकातला राजा एकटाच उभा. जरीमुळं लाटांना छान चमक आली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत गावी पोचला, आणि धाकट्याचा फोन आला.

"ताई, ते समुद्राची साडी ओळखीची वाटून राह्यली."

"तुझीच आहे."

"नेसली नाही काऊन? तुह्यासाठी पाहून आणली होती, चांगली चार दुकानं फिरून."

मी म्हणाले, "नेसले असते रे. पण नेसून उभी कुठं राहू?"

मागं वारा ऐकू येत होता, म्हणजे शेतातच उभा होता. मग म्हणाला, "विहिरीजवळची बोर तोडली परवा. सावली पडत होती काचांवर." आणि जरा थांबून, "बोरं हायेत पायलीभर. धाडू?"

"धाड," मी म्हणाले.

एसटीच्या पार्सलनं आली. अर्धी किडकी होती. मी सगळी एकेक उकलून खाल्ली.