सिस्टरांच्या फोटोला हार

हसणार नाही अशी आधी शपथ घ्या, मगच सांगतो. माणसं चारचौघांत तोंडघशी पडतात, मी तर माइक हातात धरून पडलो!

झालं असं, पोरीला पहिलीला सिस्टरांच्या शाळेत घालायची होती. मी तिथलाच जुना विद्यार्थी, कळस गावाहून सायकल मारत यायचो. पण जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. बायकोनं बजावलं होतं, "नंबर लागला न्हाय, तर तुमी बी घरी येऊ नका."

हेडमिस्ट्रेस सिस्टर ग्रेसी म्हणाल्या, "शनिवारी शाळेचा स्थापना दिवस आहे. जुने विद्यार्थी म्हणून शाळेच्या इतिहासावर दोन शब्द बोला." मी ओळखलं, ही पोरीची नाही, बापाची परीक्षा!

इतिहास म्हणजे कोण? आमच्या मोठ्या सिस्टर फिलोमिना! पत्र्याच्या दोन खोल्यांत शाळा त्यांनीच सुरू केली. त्यांच्या पट्टीचा आवाज अजून कानात आहे.

ऑफिसात गेलो, तर भिंतीवर त्यांचा फोटो आणि फोटोला चंदनाचा हार! आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं फोटोला हार कधी घालतात? मला गलबलून आलं. कुणाला विचारायचं काय त्यात?

शनिवारी पहिल्या रांगेत पाहुण्या सिस्टर बसलेल्या. सगळ्या पांढऱ्या साडीत, सगळ्यांना चष्मे. मी सुरू झालो. "त्यांनी स्वतः विटा उचलल्या... आणि आज त्या आपल्यात नाहीत!" हुंदका आला. खरा आला बरं का! सिस्टर ग्रेसी जोरजोरात हात हलवायला लागल्या. मला वाटलं, भाषण रंगलंय, चालू द्या म्हणतायत.

"सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया!"

अख्खी शाळा उभी. पहिल्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या सिस्टरसुद्धा काठी टेकत उभ्या राहिल्या, मान खाली घालून. केवढा आदर! मी "धन्यवाद" म्हणालो, तशा त्या सरळ माइकपाशी आल्या.

"शिंदे, दीड मिनिटच झालं. माझी अर्ध्या मिनिटाची श्रद्धांजली खाल्लीस. गणित अजून कच्चंच!"

मैदान असं हसलं की विचारू नका! मी खाली उतरून शिपाई तात्यांना धरलं. "अवो तात्या, मग फोटोला हार कशापायी?"

"शिक्षक दिनाला आलेला हार, ठिवायला जागा न्हवती. फोटो दिसला, अडकावला. मला काय म्हाईत तुमी चांगलं मानूस मारताल!"

गेलाच की नंबर! मी सिस्टर फिलोमिनांचे पायच धरले. "सिस्टर, माझं काय बी करा, पोरीचा फॉर्म तेवढा फेकू नका."

त्यांनी फॉर्म मागवला, खाली वाकून काहीतरी लिहिलं आणि सिस्टर ग्रेसींना म्हणाल्या, "हिला आजच घ्या."

बायकोला काय आनंद! फॉर्म हातात घेऊन वाचायला लागली आणि जी हसत सुटली, ती अजून हसतेय. 'प्रवेश देण्याचे कारण' या रकान्यात सिस्टरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "वडिलांची अवस्था पाहून."