फ्यूजवाले मोठेबाबा

नागपूरच्या नंदनवन वस्तीत कुणाच्याही घरची वीज गेली की लोक आमच्या मोठेबाबांना हाक मारत. "फ्यूज उडाला, या जरा." मोठेबाबांची सगळी नोकरी फ्यूजमध्ये गेली, हे गल्लीला ठाऊक होतं, पण तो फ्यूज विजेचा नव्हता. माझे हे थोरले काका नौदलात होते. जहाजावरून सोडायच्या जुन्या रॉकेटांचे फ्यूज, म्हणजे रॉकेट नेमक्या वेळी फोडणारी टोकं, ते सांभाळत. निवृत्त होऊन नागपूरला आल्यावर त्यांनी हे दोनचारदा समजावून पाहिलं. मग मुकाट्यानं तार आणि पक्कड घेऊन जाऊ लागले. "कोणता तरी फ्यूज माह्या हातानं लागून राहिला ना," म्हणत.

फोडण्याबद्दल ते फारसं बोलत नसत. न फुटण्याबद्दल बोलत. "फुटणं सोपं हाय वं. आपल्याच जहाजावर न फुटणं, हे खरं काम." मग जेवताना चमचा हवेत धरून दाखवत. रॉकेट सुटताना झटका बसतो, त्यानं एक कडी सुटते. पुढे गेल्यावर तोंडावरचा छोटा पंखा वाऱ्यानं फिरतो, त्यानं दुसरी सुटते. दोन्ही सुटल्याशिवाय फ्यूज जागा होत नाही. चमचा बराच वेळ हवेत राही. शेवटी माझे बाबा म्हणत, "दादा, वरण थंडं होऊन राहिलं तुमचं."

घरातली भांडणंही ते अशीच बघत. माणूस चिडला म्हणजे झटका बसला. तोवर काही बिघडत नाही. तणतणत घराबाहेर पडला, की पंखा फिरलाच. म्हणून आवाज चढले की मोठेबाबा उठून उंबरठ्यावर जात आणि पाय आडवे पसरून बसत. थोराचे पाय ओलांडायचे कसे? "आधी चहा पिऊन घ्या," एवढंच म्हणत.

मी एम.ए.ला होते, तेव्हा वर्गातल्या कामठीच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं. मुलगा परजातीचा. बाबा म्हणाले, "मंग निघ. या घरात पुन्हा येऊ नको." मी बॅग भरली. दाराशी आले, तर मोठेबाबांचे पाय.

"मोठेबाबा, सरका ना."

"गुडघे आखडले वं. चहा येऊ दे, मंग पाहू."

"जाऊ द्या तिले, दादा," बाबा आतून म्हणाले.

"तू बी ये गा इकडं. तुहाबी चहा ठेवला हाय."

एक चहा झाला, दुसरा झाला. मग कपाकडे पाहत बाबांनी विचारलं, "पोरगा करते काय?"

मोठेबाबांनी पाय जवळ घेतले.

माझ्या लग्नात मांडवातले दिवे गेले. फ्यूज त्यांनीच बसवला.

परवा त्यांची तेरवी झाली. आवराआवर करून मी कामठीला, माझ्या घरी निघाले. उंबरठ्यावर बाबा बसले होते, पाय आडवे पसरून.

"बाबा, भांडण कुठं झालं?"

"नाही झालं," बाबा म्हणाले. "चहा पिऊन जा."

मी बॅग खाली ठेवली.