तो बरा होईपर्यंत

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही तिसगावात राहायचो. नवऱ्याचा टेम्पो होता, मी शाळेत शिकवायचे. तो दारू पीत नव्हता, त्यामुळे त्याच्या मारण्याला कुणी मार म्हणत नसे. त्याला सोडून अकोल्याला माहेरी जायचं मी ठरवलं आणि त्याच आठवड्यात त्याला धाप लागायला लागली. तोंड सुजलं, मानेच्या शिरा फुगल्या. गावातल्या डॉक्टरने टीबीच्या गोळ्या दिल्या, पण उतार पडेना. शेवटी पुण्याला नेलं. हृदयाभोवती साठलेलं पाणी सुईने काढून तपासलं. लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सरच. हृदयाच्या उजव्या कप्प्यात लिंबाएवढी गाठ होती.

सासू व्हरांड्यातच म्हणाली, "हिचा पायगुन! माझ्या लेकाच्या काळजालाच कीड लागली."

अशा माणसाला टाकून जाणं मला जमेना. राहिले. प्रेमापोटी नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

किमोचं औषध लालभडक. ते अंगात गेलं की लघवी लाल व्हायची. पहिल्यांदा बघितली तसा तो वॉर्डात ओरडला, "हिनं इख घातलं मला!" औषधाचा रंग आहे, असं नर्सने समजावलं. तिचं त्याने ऐकलं, पण माझ्या हातची पेज कितीतरी दिवस घेतली नाही. केस गेले. उलटीचं भांडं मी धरायचे, वर शिव्याही मीच खायचे.

औषध मात्र लागू पडलं. धाप कमी झाली, जिना चढू लागला. इकोच्या पडद्यावर गाठ आधी निम्मी झाली, शेवटी दिसेनाशीच झाली. "पूर्ण गेली. तपासणीला मात्र येत राहा," डॉक्टर म्हणाले. सासूने त्यांचे पाय धरले. माझ्याकडे बघितलंही नाही.

केस परत आले, टेम्पो सुरू झाला. एका संध्याकाळी भाजी खारट झाली म्हणून त्याने हात उचलला. मी तो वरच्या वर धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं.

"आता तू आजारी नाहीस. मी चालले."

"जा की! लोक थुकतील तुझ्यावर."

लोक थुंकलेच. माझा भाऊसुद्धा म्हणाला, "एवढं सगळं काढलंस, आता सुखाचे दिवस आले तर निघून आलीस?"

पुढे कितीतरी महिन्यांनी नवरा नगरच्या स्टँडवर दिसला, चांगला गरगरीत. मला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारच्याला म्हणाला, "हीच ती. मरायला टेकलो हुतो, तवा टाकून पळाली."

अकोल्याची गाडी लागली होती. मी चढले.