आठ नंबरच्या शर्टावरचा गोल

राधाताई परचुरे यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. शनिवार पेठेत त्यांच्या घरी लग्नपत्रिका द्यायला जाणारे लोक पत्रिका हातात ठेवून लगेच निघतात, कारण टेकलं की ताई चष्मा लावतात. मी त्यांच्याकडे चार वर्षं रशियन शिकले. त्या काळात त्यांनी मला एकदाच ‘बरं आहे’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तेही मागे घेतलं. आता मी स्वतः भाषांतरं करते, तरी त्यांच्यासमोर पेन उघडताना हात जरा आखडतोच.

गेल्या वर्षी या बाईंवर स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली. चूक एका ओळीची होती, सदतीस वर्षांपूर्वीची, आणि ती बेलारूसमधल्या एका फुटबॉल क्लबच्या इतिहासात छापली जाणार होती. ती थांबवायची तर ताईंनी लिहून द्यायला हवं होतं की मी सही करून खोटं लिहिलं.

क्लबचं नाव मातोर. लुगावेत्स नावाच्या लहानशा गावात इंजिनं बनवणारा एक कारखाना होता, त्याचा हा क्लब. आपण नाव ऐकलं नसेल. बेलारूसमध्येही फार लोकांनी ऐकलेलं नाही. १९५८ साली ओतशाळेतल्या कामगारांनी तो काढला. मैदान त्यांनीच सुटीच्या दिवशी खपून तयार केलं, त्यात एका बाजूला उतार राहून गेला तो आजही तसाच आहे. १९७३ साली क्लब बेलारूसच्या चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि हरला. जिंकलेल्या सामन्यांना इतिहासात एकेक ओळ मिळाली आहे, या पराभवाला चार पानं. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा नव्या देशाच्या वरच्या गटात कुणीतरी लागत होतं, म्हणून मातोरची वर्णी लागली. पाच वर्षांत तो खाली आला. पुढे कारखाना निम्मा बंद पडला, क्लब एकदा बरखास्त झाला, दोन वर्षांनी त्याच जुन्या शर्टांत पुन्हा उभा राहिला. हल्ली सामन्याला तीनेकशे माणसं येतात, त्यातली बरीचशी खेळाडूंच्या घरची.

हा इतिहास लिहिणारा आलेस म्हणजे त्याच गावातला भूगोलाचा निवृत्त शिक्षक. क्लबच्या जुन्या कागदांत दिसलेलं ताईंचं नाव त्याला रशियन शिकवणाऱ्यांच्या कुठल्याशा यादीत सापडलं आणि त्याने हस्तलिखित पाठवून दिलं, जुन्या आठवणी असल्या तर कळवा म्हणून. ताईंनी आठवणी कळवल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल घेऊन आठवडाभरात सतरा चुका काढल्या. एका प्रकरणात प्रशिक्षक वारल्यानंतर दोन वर्षं संघ निवडत होता. आलेसने फार आभार मानले. एकेचाळिसाव्या पानावर अठरावी चूक होती. तिथे ताई थांबल्या त्या पंधरा दिवस थांबल्या.

त्या पानावर लिहिलं होतं की परदेशी पाहुण्यांपैकी या मैदानावर गोल करणारा भारतीय एकच, इंजिनिअर इंद्रजीत निंबाळकर, मे १९८८.

घडलं होतं ते असं. पुण्यातल्या एका कंपनीची चौदा माणसं त्या कारखान्यात सहा महिने शिकायला गेली होती आणि दुभाषी म्हणून अठ्ठावीस वर्षांच्या राधाताई. कारखान्याच्या वर्धापनदिनी मातोरच्या राखीव खेळाडूंशी या लोकांचा सामना ठेवला. आपल्याकडच्या बहुतेकांनी फुटबॉलला पाय लावला होता तो शाळेत. अकरा नावं आठवडाभर आधी मंजूर करून घेतलेली. कप्तान अर्थातच निंबाळकर साहेब, कारण हुद्दा त्यांचा मोठा होता. मध्यंतरापर्यंत आपल्यावर सहा गोल झाले आणि साहेबांना धाप लागली. त्यांनी आपला आठ नंबरचा शर्ट उतरवून गेनबा घुलेच्या अंगावर टाकला. गेनबा पुण्याजवळच्या मांजरी गावचा, आयटीआय झालेला फिटर, कबड्डीत चढाईला नावाजलेला. यादीत तो नव्हता. फुटबॉलचे नियमही त्याला निम्मेच ठाऊक होते. उताराच्या बाजूने तो चेंडू घेऊन सुटला, दोघांना चुकवलं, गोलकीपरलाही चुकवलं, आणि चेंडूसकट स्वतःच जाळ्यात जाऊन पडला. सामना आपली माणसं नऊ-एक अशी हरली.

सामन्याचा कागद, तिकडे त्याला प्रोटोकॉल म्हणतात, ताई भरत होत्या, कारण भारतीय नावं रशियन लिपीत दुसऱ्या कुणाला जमेनात. त्यांनी साहेबांना विचारलं, गोल कुणाच्या नावावर? साहेब म्हणाले, “शर्ट माझा आहे ना? मग माझंच लिहा.” ताईंनी लिहिलं आणि खाली सही केली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कंपनीत ड्रॉइंग काढायचं ज्युनिअरने आणि सही ठोकायची साहेबांनी, हे रोजचंच होतं. संध्याकाळी साहेबांच्या कोटावर क्लबचा बिल्ला लावला तेव्हा सगळ्यांबरोबर गेनबानेही टाळ्या वाजवल्या.

हे सगळं ताईंनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. मी म्हटलं, ताई, कोण वाचणार आहे ते पुस्तक? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पत्र टाइप करायला बसले. वास्तविक मला वाईट वाटत होतं. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ज्या माणसाच्या सतरा चुका काढल्या त्याच माणसाला हे कळवायचं, याला जिवावर येणं म्हणतात. पत्रात त्यांनी कुठलीही सबब लिहिली नाही. तरुण होते, नोकरी कंत्राटी होती, ती साहेबांच्या शेऱ्यावर पुढे चालू राहायची, हे सगळं मी सुचवून पाहिलं. त्यांनी तीनच वाक्यं ठेवली: गोल गेनबा घुले यांनी केला. नाव मी चुकीचं लिहिलं. मला तेव्हाही ते माहीत होतं.

पत्र पाठवण्याआधी त्यांनी निंबाळकर साहेबांना फोन केला, कारण न कळवता करणं बरं नव्हे. साहेब आता त्र्याहत्तर वर्षांचे, आवाज अजून खणखणीत. त्यांचं म्हणणं पडलं की गोल कुणी मारला याने इतक्या वर्षांनी काय फरक पडतो.

“मग नाव काढायला आपली हरकत नसावी,” ताई म्हणाल्या.

फोन पलीकडून ठेवला गेला.

आलेसचं उत्तर चार दिवसांत आलं. तो खूश होता. क्लबच्या वेबसाइटवरचं नाव त्याने बदललं होतं, पुस्तकातही बदलणार होता, आणि खाली टीप घालणार होता की प्रोटोकॉल लिहिणाऱ्या बाईंनीच ही दुरुस्ती कळवली. आता त्याला गेनबाचा एक फोटो हवा होता. ताई आठवडाभर इतक्या हलक्या मनाने वावरत होत्या की खालच्या मजल्यावरच्या बारशाची पत्रिका त्यांच्या हातून तशीच सुटली. गेनबाशी त्यांचा पुढे काही संबंध राहिला नव्हता. त्याला आनंदाची बातमी द्यायची, फोटो काढायचा, अर्ध्या तासात परत, असा बेत होता. फोटोसाठी मला बरोबर घेतलं.

मांजरीत उसाच्या जागी बारा-बारा मजले उभे आहेत. गेनबांचं घर दोन इमारतींच्या मधे, दुमजली, नीटनेटकं. त्यांनी ताईंना लगेच ओळखलं, “मॅडम” म्हणाले आणि उभेच राहिले. त्यांच्या पत्नी शकूबाईंनी पाणी आणलं. मुलगी अपेक्षा आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. ताईंनी पिशवीतून क्लबच्या पानाची प्रिंट काढली आणि गेनबांच्या नावाखाली बोट ठेवून वाचून दाखवलं. गेनबांनी कागद हातात घेतला, पाहिला, आणि शांतपणे म्हणाले, “हे जरा आतल्यांना बोलवून सांगता का, मॅडम?”

अपेक्षाला बोलावलं. ती आली, ताईंनी तिलाही ते नाव वाचून दाखवलं, आणि तिने कागद वडिलांच्या हातून काढून घेतला. मग जे कळलं ते असं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये जगभरचे सामने बंद पडले आणि बेलारूसची लीग तेवढी चालू राहिली. अपेक्षाच्या ऑफिसातली मुलं ते सामने पाहायची. ती घरात बोलली तेव्हा गेनबा म्हणाले, तिथल्या एका मैदानावर मी गोल मारलाय. ही गोष्ट ते लग्नापासून सांगत आले होते. अपेक्षाने हौसेने क्लबची वेबसाइट शोधली, पान मोबाइलवर भाषांतर करून घेतलं. गोल इंद्रजीत निंबाळकरांचा. अकरा जणांच्या यादीत वडिलांचं नावच नाही.

“मी सगळ्या ग्रुपवर टाकलं ते, गावच्यासुद्धा,” अपेक्षा म्हणाली. “आय मीन, जोक म्हणून. पप्पा, तुम्ही काही बोलला नाहीत.”

“काय बोलणार? छापलेलं व्हतं.”

त्यानंतर गेनबांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. इतकंच काय, दुसरी कुठली जुनी गोष्ट सांगायला लागले तरी घरात कुणीतरी हसायचं. हे शकूबाईंनी सांगितलं, आणि हसणाऱ्यांत आपणही होतो हेही सांगितलं. मग त्या ताईंकडे वळल्या.

“तुमाला ठावं व्हतं ना तवाच?”

“हो.”

“मग?”

मी सुचवलेल्या सगळ्या सबबी त्या वेळी ताईंच्या कामी आल्या असत्या. ताई एवढंच म्हणाल्या, “मला नोकरी टिकवायची होती.”

शकूबाईंनी मान डोलावली. राग नव्हता. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, “तिकडं रशियाला लिवलं ते बरं केलं. पर हितं गावात कोन लिवनार?”

रशिया नव्हे, बेलारूस, हे ताई कधी सोडत नाहीत. तेव्हा सोडलं. चहा झाला. मी फोटो काढला. गेनबा शर्ट बदलून आले आणि पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ बसले. मग ते आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला निघाले. चौकात टपरीपाशी तिघंजण बाकावर बसले होते. त्यातल्या एकाने लांबूनच हाळी दिली, “ओ इंद्रजीत साहेब, पाव्हनं कुठलं म्हनायचं?”

गेनबांनी हात वर केला. “पुण्याचं हायत,” ते म्हणाले आणि चालत राहिले.

ताई थांबल्या. त्या माणसाने कुणाला हाक मारली, असं त्यांनी विचारलं. गेनबा जरा ओशाळले. “पाच वर्सं झाली, मॅडम. ग्रुपवर आलं तवापास्नं समदे तेच म्हनत्यात. आता सवय झाली.”

रिक्षा उभी होती. ताईंनी मला थांबायला सांगितलं आणि त्या सरळ बाकाकडे गेल्या. तिघं दचकून उठले. ताई बाकावर बसल्या, त्यांनाही बसायला लावलं, आणि सांगू लागल्या. कारखाना, सामना, मध्यंतर, साहेबांची धाप, शर्ट, गोल, कागद, सही. काही गाळलं नाही. गेनबा चार पावलांवर चपला बघत उभे होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तिघांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे मॅडम,” हाळी देणारा म्हणाला, “ह्याचं हे नाव तुमीच पाडलं म्हना की.”

बाकीचे दोघं हसले. गेनबाही हसले, सवयीने.

“हो,” ताई म्हणाल्या, “मीच.”